इको कॅन्सलर नेमका कुठे बसवायचा: इंदूरच्या एका वाड्यातल्या टेलिफोन यंत्रणेच्या नोंदी

जागा: राजवाड्याजवळचा दुमजली जुना वाडा. खाली संस्थेचं कार्यालय, वर सभेचा हॉल. दुसरी जागा लोकमान्य नगरात, ब्रॉडबँडवरच्या व्हीपीएनने जोडलेली. बाहेरच्या तांब्याच्या चार लाइन, चारही वाड्यातच येतात. जुनं ॲनालॉग ईपीएबीएक्स (कार्यालयाचं टेलिफोन एक्सचेंज) काढून लिनक्स मशीनवर ॲस्टेरिस्क हे एक्सचेंजचं सॉफ्टवेअर आणि बाहेरच्या लाइन मशीनला जोडणारं चार पोर्टचं एफएक्सओ कार्ड बसवलं. पुढे "सर्व्हर" म्हणजे हेच मशीन. वाड्यात नऊ आयपी फोन, लोकमान्य नगरात चार. हॉलमध्ये छोटा पीसी, ॲम्प्लिफायर, दोन स्पीकर आणि माइक. त्यावर पीजेसिप लायब्ररीवरचा सॉफ्टफोन, म्हणजे संगणकावरच चालणारा फोन. बाहेरच्या लाइनवरचा कॉल लोकमान्य नगरला जोडता येत नाही, ती वाट डायलप्लॅनमध्येच (कोणता कॉल कुठे जोडायचा त्या नियमांतच) बंद आहे. सार्वजनिक लाइन आणि इंटरनेट टेलिफोनी एकमेकांत मिसळण्यावर आपल्याकडे नियम आहेत, त्यामुळे ही मर्यादा पहिल्या दिवशीच घालून घ्यावी.

जोडणी ७ जूनला संपली. फोन लागले, वाजले, आणि लगेच इकोच्या, म्हणजे स्वतःचाच आवाज परत ऐकू येण्याच्या, तक्रारी सुरू झाल्या. असा परत आलेला आवाज ओळखून वजा करणारा प्रोग्राम म्हणजे इको कॅन्सलर. नोंदी तिथून पुढच्या.

१० जून २०२४

कोणाला इको येतो आणि कोणाला येत नाही, हे कागदावर मांडलं. "इको येतो" एवढ्यावर कामाला लागू नये, निम्मं निदान या यादीतच होतं.

बाहेरच्या लाइनवर बोलताना वाड्यातल्या आयपी फोनवाल्याला स्वतःचा आवाज परत येतो. पलीकडच्या माणसाला काहीच त्रास नाही. हॉलशी बोलताना लोकमान्य नगरच्या लोकांना स्वतःचा आवाज परत येतो; हॉलमधल्यांना सगळं स्वच्छ. वाड्यातल्या दोन आयपी फोनमध्ये रिसीव्हर उचलून बोललं तर इको नाही.

ज्याला इको ऐकू येतो त्याच्या फोनचा दोष जवळजवळ कधीच नसतो. त्याचा आवाज समोरच्या टोकाला जाऊन तिथून परत फिरतो. म्हणजे इथे दोष दोन आणि जागाही दोन: एक एफएक्सओ कार्डावर, जिथे दोन तारांवर जाणारा-येणारा आवाज वेगळा करणारं हायब्रिड बसतं, दुसरा हॉलमध्ये, जिथे स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरतो. हॉलचा ॲम्प्लिफायर बंद केल्याबरोबर लोकमान्य नगरचा इको थांबला, त्यामुळे दुसऱ्याबद्दल शंका उरली नाही.

उशीर मोजायला साधी रीत वापरली. रिसीव्हरच्या माउथपीसवर पेनने टकटक करायची आणि इयरपीसजवळ मोबाइल ठेवून रेकॉर्ड करायचं. मूळ टक आणि परत आलेली टक, दोन्ही त्याच फाइलमध्ये येतात. ऑडॅसिटी या आवाजाच्या प्रोग्राममध्ये दोन शिखरांमधलं अंतर मोजलं. बाहेरच्या लाइनवर ११६ ते १२४ मिलिसेकंद. हॉलकडून ३०० ते ३६०, प्रत्येक वेळी वेगळं. हा बदलता आकडा महत्त्वाचा होता. त्या दिवशी त्याकडे दुर्लक्ष झालं आणि त्याची किंमत पुढे मोजावी लागली.

जुन्या ईपीएबीएक्सवर ही तक्रार का नव्हती, असं कार्यालयातून विचारलं गेलं. लाइनचा इको तेव्हाही होता, पण तो चार-पाच मिलिसेकंदांत परत यायचा आणि रिसीव्हरमध्ये आपला आवाज आपल्याला जो ऐकू येतच असतो त्यात मिसळून जायचा. आता आवाज २० मिलिसेकंदांच्या पॅकेटांत जातो, परत येताना फोनच्या जिटर बफरमध्ये (मागेपुढे येणारी पॅकेटं सारखी करायला थोडा वेळ धरून ठेवणारी जागा) थांबतो. उशीर वाढला की तोच इको उघडा पडतो. आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या) जी १३१ शिफारशीतही एका दिशेचा उशीर २५ मिलिसेकंदांच्या वर गेला की इकोवर उपाय करायला सांगितलं आहे.

१२ जून

ठरवलं: कॅन्सलर सर्व्हरवर बसवायचा. सगळे कॉल तिथूनच जातात, एकाच जागी एकदा काम केलं की लाइन आणि हॉल दोन्ही सुटतील, असा हिशेब. हा हिशेब चुकीचा ठरला.

स्पीक्स या मुक्त प्रकल्पाच्या आवाजावर प्रक्रिया करणाऱ्या लायब्ररीवर एक मॉड्यूल लिहिलं. ८ किलोहर्ट्झ, फ्रेम १६० सॅम्पलची, फिल्टर ४०९६ सॅम्पलचा, म्हणजे ५१२ मिलिसेकंद. हॉलकडे जाणारं ऑडिओ संदर्भ म्हणून द्यायचं, हॉलकडून येणाऱ्यातून ते वजा करायचं.

१४ जून

पहिले आठ-दहा सेकंद इको चक्क कमी होतो. मग अचानक पूर्ण जोराने परत येतो, पुन्हा हळूहळू उतरतो, पुन्हा येतो. फिल्टर ८१९२ सॅम्पलचा केला. शिकायला दुप्पट वेळ लागला, बाकी तेच.

१७ ते २१ जून

पाच दिवस पॅरामीटर बदलण्यात गेले. लिहून ठेवण्यासारखं त्यातून काही निघालं नाही.

२२ जून

अखेर सर्व्हरवर दोन्ही दिशांचे वीस मिनिटांचे रेकॉर्डिंग घेतले आणि दर सेकंदाला दोघांमधला उशीर क्रॉस-कोरिलेशनने, म्हणजे एक आवाज दुसऱ्यावर सरकवत कुठे जुळतो ते पाहून, काढला. कारण पहिल्या पानावरच दिसलं. उशीर २६८, मग २८८, मग ३०८, परत २८८. उडी बरोबर २० मिलिसेकंदांची, एका पॅकेटाची. हॉलच्या सॉफ्टफोनचा जिटर बफर नेटवर्कप्रमाणे आखूड-लांब होत होता.

इको कॅन्सलर म्हणजे स्पीकरपासून माइकपर्यंतची वाट शिकणारा फिल्टर. मनमोहन सोंधी यांनी बेल लॅब्जमधून १९६७ साली मांडलेल्या ॲडॅप्टिव्ह कॅन्सलरपासून आजपर्यंत गृहीत तेच आहे: ती वाट जवळपास स्थिर आहे आणि तिच्यात आवाजाचा आकार बिघडत नाही. सर्व्हरवर बसलं की या वाटेत नेटवर्क येतं, जिटर बफर येतो, हरवलेल्या पॅकेटच्या जागी अंदाजाने भरलेला आवाज येतो, आवाज दाबून-उलगडणारा कोडेक येतो. ८ किलोहर्ट्झला २० मिलिसेकंदांची एक उडी म्हणजे शिकलेले सगळे आकडे १६० घरं सरकले. फिल्टरने पुन्हा पहिल्यापासून शिकायचं. त्यात सॉफ्टफोनवर सायलेन्स सप्रेशन चालू होतं. माणूस गप्प झाला की पॅकेटच बंद, म्हणजे संदर्भातही खिंडार.

फिल्टर कितीही लांब केला तरी यावर इलाज नाही. इको जिथे जन्मतो त्याला चिकटूनच कॅन्सलर बसला पाहिजे, आणि त्या दोघांच्या मध्ये पॅकेट नावाची वस्तू असता कामा नये. मॉड्यूल काढून टाकलं. अकरा दिवस गेले. सर्व्हरवर कॅन्सलर लिहायला बसलेल्या कोणालाही सांगणं एवढंच, की आधी हे उशिराचं रेकॉर्डिंग करा. अर्ध्या तासात उत्तर मिळतं.

२४ जून: लाइनची बाजू

इथला कॅन्सलर डाहडी या एफएक्सओ कार्ड चालवणाऱ्या ड्रायव्हरच्या आत. डाहडी कार्डाशी आठ-आठ सॅम्पलच्या, म्हणजे एकेका मिलिसेकंदाच्या तुकड्यांत बोलतं. लाइनवर गेलेला तुकडा आणि लाइनवरून आलेला तुकडा एकाच घड्याळावर, एका ठरावीक अंतराने येतात. पॅकेट बनण्याच्या आधी इको कापला जातो. म्हणून इथे अवघे १२८ टॅप (फिल्टरची घरं, एका सॅम्पलला एक), म्हणजे १६ मिलिसेकंद पुरतात.

अर्धा दिवस गेला तो असा. ॲस्टेरिस्कला डाहडीशी जोडणाऱ्या चॅन-डाहडीच्या कॉन्फिगमध्ये इको कॅन्सल "यस" होतं, तरी फरक शून्य. डाहडीत कॅन्सलर आपोआप लागत नाही. डाहडीच्या स्वतःच्या सिस्टिम कॉन्फ फाइलमध्ये प्रत्येक चॅनलला कोणता कॅन्सलर ते वेगळ्या ओळीत लिहावं लागतं. ती ओळ नसेल तर वरचं "यस" गुपचूप वाया जातं, एररही येत नाही. एमजी२ या डाहडीतल्याच कॅन्सलरची ओळ घातली, डाहडी-सीएफजी चालवून प्रत्येक चॅनलपुढे कॅन्सलरचं नाव दिसतं का ते पाहिलं, मग कॉल चालू असताना ॲस्टेरिस्कच्या कन्सोलवर चॅनलची माहिती काढली. तिथे "१२८ टॅप, सध्या चालू" असं दिसलं तरच काम झालं समजावं. कॉल चालू नसताना पाहिलं तर बंदच दिसतो.

इको बराच उतरला. गेला मात्र नाही.

२५ जून

कॅन्सलर बंद करून आधी मुळातला इको किती आहे ते मोजलं. हे सगळ्यात आधी करायचं काम होतं. डाहडी-मॉनिटरला कॅन्सलरच्या आधीचा आणि नंतरचा आवाज वेगवेगळ्या फाइलमध्ये काढता येतो, त्यासाठी मोठ्या आणि लहान अक्षरांचे पर्याय आहेत. लाइन १ वर परत येणारा आवाज पाठवलेल्यापेक्षा फक्त ९ डीबीने (डेसिबलने) खाली होता. एवढा जवळ असेल तर कोणत्याही कॅन्सलरला जड जातं.

कार्डाचा ऑपरमोड (कोणत्या देशाच्या लाइनवर चालायचं ती सेटिंग) भारताचा लावला आणि एफएक्सओट्यून चालवलं. हे साधन लाइन उचलतं, एक आकडा डायल करून डायल टोन घालवतं, आणि शांततेत टोन पाठवून कार्डाच्या हायब्रिडचे गुणांक एकेक करून तपासतं. आधी ॲस्टेरिस्क बंद करावं लागतं. चार लाइनना मिळून जवळपास दीड तास लागला, तेवढा वेळ कार्यालयाचे फोन बंद. म्हणून सकाळी नऊच्या आत करावं.

लाइन ४ चे आकडे पहिल्या फेरीत भलतेच आले. मोजमाप चालू असताना कोणीतरी त्या नंबरवर फोन करत होतं. दुसऱ्यांदा चालवल्यावर नीट. फेरीनंतर इको लाइन १ वर १७ डीबी खाली, लाइन २ वर १९, लाइन ४ वर १६. लाइन ३ वर ११ च्या वर काही केल्या जाईना.

२६ जून

रात्री वादळात वीज गेली, सकाळी इको परत. एफएक्सओट्यूनने फाइल लिहून ठेवलेली असते, पण मशीन चालू होताना ती कार्डात भरावी लागते. तो हुकूम स्टार्टअपमध्ये घालायचा राहिला होता. डाहडी चढल्यावर आणि ॲस्टेरिस्क सुरू होण्याआधी, नेमकं या दोघांच्या मध्ये तो असावा.

२७ जून

बाहेरून बोलणाऱ्यांचा आवाज बारीक येतो म्हणून जोडणीच्या वेळी कार्डाचाच रिसीव्ह गेन ५ डीबी वाढवला होता. हा गेन कार्डाच्या आत, म्हणजे कॅन्सलरच्या आधी लागतो. त्यामुळे परत येणारा इकोही ५ डीबीने मोठा होऊन कॅन्सलरपाशी पोचतो. एमजी२ सारखे कॅन्सलर दोघं एकदम बोलतायत का हे पातळी पाहून ठरवतात: परत आलेला आवाज पाठवलेल्याच्या साधारण निम्म्याहून, म्हणजे ६ डीबीच्या हिशेबाने, मोठा दिसला की समोरचा बोलतोय असं समजून शिकणं थांबवतात. लाइन ३ वर ११ वजा ५ म्हणजे बरोबर ६. तिथे कॅन्सलर इकोलाच माणूस समजत होता.

कार्डाचा गेन शून्यावर आणला. आवाज वाढवायचाच असेल तर चॅन-डाहडीचा आरएक्सगेन वापरावा, तो कॅन्सलर होऊन गेल्यावर लागतो. तिथे ३ डीबी ठेवला. ६ करून पाहिलं तर उरलासुरला इकोही वर आला.

२८ जून

एमजी२ काढून ओस्लेक हा दुसरा कॅन्सलर घातला. याचा स्रोत डाहडीसोबत येत नाही. लिनक्स कर्नलच्या जुन्या स्रोतातली इकोची फाइल डाहडीच्या स्टेजिंग फोल्डरमध्ये ठेवायची, केबिल्ड या कंपाइलच्या यादीतल्या ओस्लेकच्या दोन ओळींपुढची खूण काढायची आणि पुन्हा कंपाइल करायचं. कर्नल अपडेट झालं की हे सगळं परत, म्हणून या मशीनवर कर्नल अपडेट रोखून ठेवलं आहे.

ओस्लेक दोन फिल्टर चालवतो. एक मागे शिकत राहतो, दुसरा प्रत्यक्ष काम करतो. मागचा खरोखर सरस ठरला तरच त्याचे आकडे पुढच्यात जातात. दोघं एकदम बोलले तरी तो बिथरत नाही. फरक कानाला लगेच कळला: पूर्वी कॉलच्या सुरुवातीला "हॅलो, हॅलो" परत यायचं, आता पहिल्या शब्दानंतर शांत. टॅप २५६ केले, म्हणजे ३२ मिलिसेकंद. १०२४ करून पाहिले, फायदा काही नाही, उलट गप्प असताना बारीक खरखर वाढली.

 

१ जुलै: लाइन ३

दोन दिवस संततधार. लाइन ३ वर गुणगुण आणि इको दोन्ही. लाइनची तार जिन्याखालच्या लाकडी पेटीपासून पुढे हाताने धरत गेलो. पेटीत चारही जोड्यांचे सांधे नुसते पिळून वर कापडी पट्टी गुंडाळलेले. लाइन ३ ची पट्टी सोडल्यावर आत तांबं हिरवं पडलेलं, एका तारेचे सातातले तीनच धागे शाबूत आणि पेटीच्या मागच्या भिंतीला ओल. त्याच पेटीतून एक जोडी वर हॉलच्या माडीवर गेली होती. तिथे कपाटामागे जुना चकतीचा फोन अजून समांतर जोडलेला. तो कोणी उचलत नव्हतं, पण त्याची घंटी आणि चाळीसेक फूट लोंबती तार लाइनवर भार टाकतच होती. हायब्रिड लाइनच्या ज्या इंपिडन्सवर (विद्युत रोधावर) जुळवायचं तोच हवामानाप्रमाणे बदलत होता, मग एफएक्सओट्यून तरी काय जुळवणार?

चकतीचा फोन आणि त्याची तार काढली. पेटीपासून कार्डापर्यंत पिळलेल्या जोडीची नवी केबल टाकली, सपाट तार अजिबात ठेवली नाही. सांध्यांना जेल भरलेले कनेक्टर. पेटी भिंतीपासून इंचभर पुढे घेतली. एफएक्सओट्यून पुन्हा: लाइन ३ वर १८ डीबी.

सॉफ्टवेअरवर हात टाकण्याआधी ही पेटी उघडायला हवी होती. आठवडाभर ज्या लाइनला आकड्यांनी मनवत होतो, तिचं दुखणं पिळलेल्या सांध्यात होतं.

४ जुलै: हॉलची बाजू

हॉल साधारण ३४ फूट बाय १८, उंची १४. खाली कोटा फरशी, भिंती गुळगुळीत. फुगा फोडून रेकॉर्ड केला. आवाज विरायला १.८ सेकंद. लाइनच्या बाजूला वाट काही मिलिसेकंदांची होती, इथे तिच्या शेकडो पट लांब.

पीजेसिपमध्ये कॅन्सलर साउंड पोर्टवर बसतो. जिटर बफरनंतर, मिक्सिंगनंतर, आवाज कार्डात जाण्याच्या अगदी आधीचा तुकडा तो संदर्भ म्हणून घेतो. हीच योग्य जागा. सर्व्हरच्या प्रयोगावेळी तो शून्य करून ठेवला होता, आता परत चालू केला. स्पीक्सचा पर्याय, १६ किलोहर्ट्झ, टेल (फिल्टर किती उशिरापर्यंतचा इको पकडतो ती लांबी) २५६ मिलिसेकंद, म्हणजे ४०९६ टॅप.

पहिली पाच मिनिटं सुरेख. दहाव्या मिनिटाला इको परत.

५ जुलै

माइक यूएसबी कार्डावर, स्पीकरचं आउटपुट मदरबोर्डच्या साउंड कार्डातून. दोघांची घड्याळं वेगळी. टकटक लावून मोजलं: दहा मिनिटांत माइकची बाजू सुमारे ६० मिलिसेकंद सरकली. म्हणजे दर दहा लाख सॅम्पलमागे शंभराचा फरक. कागदावर क्षुल्लक वाटतो, पण १६ किलोहर्ट्झला दर सेकंदाला दीड सॅम्पल सरकतो आणि फिल्टर त्याच्या मागे धावत राहतो.

जेल रोडवरून माइक-इन आणि लाइन-आउट दोन्ही असलेलं एकच यूएसबी साउंड इंटरफेस आणलं. घड्याळ एक झालं. अर्ध्या तासाच्या कॉलमध्ये सरकणं शून्य. वेगळ्या दोन कार्डांवर इको कॅन्सलेशनचा प्रयत्नच करू नये.

६ जुलै

एकाच दिवसात चार गोष्टी सापडल्या, चारही कॅन्सलरच्या वाटेतल्या.

डेस्कटॉपचा साउंड सर्व्हर मध्ये असल्याने प्लेबॅक बफर २०० मिलिसेकंदांचा. आपल्या २५६ मधले दोनशे नुसत्या वाट पाहण्यात जात होते, खोलीसाठी ५६ उरत होते. थेट अल्सा (लिनक्सचा साउंड ड्रायव्हर) वापरून बफरचे २० मिलिसेकंदांचे दोनच तुकडे ठेवले.

साउंड इंटरफेसच्या मिक्सरमध्ये माइकचा ऑटो गेन चालू होता. तो गप्प असताना आवाज वाढवतो, बोलताना कमी करतो. वाट सतत बदलती. बंद केला. नॉइज सप्रेशनही माइकला चिकटून कॅन्सलरच्या आधी होतं, ते नंतर नेलं. आधी कॅन्सलर, मग नॉइज, मग गेन. हा क्रम उलटवला की फिल्टरला शिकण्यासारखं स्थिर काही उरत नाही.

ॲम्प्लिफायरवर, अशा सभागृहाच्या संचांवर असतं तसं, "इको" नावाचं बटण होतं आणि भजनाच्या कार्यक्रमापासून ते अर्ध्यावर ठेवलेलं. हॉलचा माइक त्याच ॲम्प्लिफायरमधून जात होता. म्हणजे प्रत्येक शब्दामागे यंत्रच तीन-चार नकला जोडत होतं, त्याही आपल्या टेलच्या पलीकडे पडणाऱ्या. बटण शून्यावर, त्यावर चिकटपट्टी आणि "हात लावू नये" अशी चिठ्ठी.

चौथं: ॲम्प्लिफायर इतका वर होता की मोठ्या आवाजाला स्पीकर फाटत होते. फाटलेला आवाज फिल्टरला कधीच शिकता येत नाही, कारण तो संदर्भात नसतोच. दोन खुणा खाली आणला आणि स्पीकर लोकांच्या जवळ घेतले, म्हणजे ऐकू येण्यात फरक पडला नाही.

८ जुलै

स्पीकर माइकपासून दहा फूट, माइककडे पाठ करून. माइक बोलणाऱ्यापासून फुटावर. अंतर निम्मं केलं की बोलणाऱ्याचा आवाज सुमारे ६ डीबी वाढतो, हे कोणत्याही सॉफ्टवेअरपेक्षा स्वस्त पडतं. गणपतीच्या सामानातल्या जाड सतरंज्या फरशीवर घातल्या, रस्त्याकडच्या खिडक्यांना पडदे. पुन्हा फुगा: ०.९ सेकंद. स्पीक्सच्या कागदपत्रात फिल्टर खोलीच्या विरण्याच्या साधारण एक तृतीयांश ठेवायला सांगितलं आहे, ०.९ ला ३०० मिलिसेकंद. २५६ वरच ठेवलं, वरची शेपटी रेसिड्युअल सप्रेसरवर, म्हणजे उरलेला इको दाबणाऱ्या भागावर, सोडली.

१० जुलै

सप्रेसर फार कडक होता. दोन्हीकडे एकदम बोललं की हॉलचा आवाज मधूनच गायब. स्पीक्समध्ये याचे दोन आकडे असतात: माइकच्या बाजूचं, म्हणजे हॉलमधलं, कोणी बोलत नसताना उणे ४०, बोलत असताना उणे १५ डीबी. पहिला तसाच ठेवला, दुसरा उणे ८ केला. एकदम बोलताना किंचित इको राहतो, पण वाक्य तुटत नाही. सभेत तुटलेलं वाक्य जास्त त्रासदायक.

११ जुलै

लोकमान्य नगरच्या एका फोनवर रिसीव्हरनेही इको. हँडसेटचा आवाज पूर्ण वर होता आणि पोकळ प्लास्टिकमधूनच इयरपीसचा आवाज माउथपीसपर्यंत जात होता. हँडसेट उघडून मध्ये फोमचा तुकडा कोंबला, आवाज दोन पायऱ्या खाली. झालं. त्या फोनसाठी सर्व्हरवर काही करायचा मोह आवरला.

१५ जुलै

हॉलमध्ये शब्दांच्या सुरुवाती खाल्ल्या जाऊ लागल्या. पीसीचं अपडेट झालं होतं, साउंड सर्व्हर परत आला होता आणि त्याचं इको कॅन्सलचं मॉड्यूलही चालू. एकामागे एक दोन कॅन्सलर. पहिल्याने वाट बदलत ठेवायची, दुसऱ्याने ती शिकायचा प्रयत्न करायचा. साउंड सर्व्हरचं मॉड्यूल काढलं. एका माइकला एकच कॅन्सलर.

१८ जुलै

शेवटची चाचणी. चारही लाइनवर पाच-पाच मिनिटांचे कॉल, पलीकडे लँडलाइन आणि मोबाइल दोन्ही. हॉल ते लोकमान्य नगर पाऊण तास, त्यात दहा मिनिटं मुद्दाम दोन्हीकडून एकदम एक ते शंभर आकडे वाचले. मध्येच माइक टेबलावरून उचलून तीन फूट हलवला. दीड-दोन सेकंद इको, मग शांत. मशीनची वीज काढून पुन्हा लावली, लाइन ३ चे आकडे जागेवर.

खर्च: जुनं वापरलेलं एफएक्सओ कार्ड ४२०० रुपये, यूएसबी साउंड इंटरफेस ३१००, केबल ६४०, जेल कनेक्टर ९०, फोम ६०. एकूण ८०९०. पीसी, फोन, ॲम्प्लिफायर, सतरंज्या आधीच्याच. वेळ: सर्व्हरच्या मॉड्यूलवर अकरा दिवस वाया, लाइनला आठवडा, हॉलला साधारण तेवढाच.

राहिलेलं: पावसाळ्यात जुळवलेले एफएक्सओट्यूनचे आकडे तार कोरडी झाल्यावर तसेच लागू पडतील असं नाही. ऑक्टोबरमध्ये एका रविवारी सकाळी चारही लाइनवर पुन्हा फेरी, आणि जिन्याखालची पेटी उघडून सांधे पाहणं.